विश्वासघातानंतर संसार सावरताय? या चुका टाळा

नवऱ्याचं किंवा बायकोचं बाहेरचं प्रकरण उघडकीला आलं की आपल्या कोल्हापुरात आधी बैठक बसते. दोन्हीकडची वडीलधारी, मामा, भावकीतले एक-दोघं, कधी गल्लीतलं एखादं वजनदार माणूस. तास-दोन तासांत निकाल लागतो. नवऱ्यानं चूक कबूल केली, सासऱ्याच्या पाया पडला, अंबाबाईची शपथ घेतली. झालं गेलं गंगेला मिळालं. माणसं चहा पिऊन आपापल्या घरी जातात, आणि त्याच रात्री बायकोच्या डोक्यात प्रश्न सुरू होतात. आता ते विचारायची सोय नसते, कारण विषय 'मिटलेला' असतो.

समुपदेशनाच्या कामात मी असे संसार पुन्हा उभे राहिलेले पाहिलेत. जे राहिले नाहीत, त्यांत मला सगळ्यात जास्त दिसलेली गोष्ट म्हणजे ही घाई.

हप्त्याहप्त्यानं सांगणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी म्हणायचं, "फक्त व्हॉट्सअॅपवर बोलत होतो." पंधरा दिवसांनी लॉजचं बिल सापडतं. मग गूगल पेवरून गेलेले पैसे दिसतात. दर वेळी समोरचं माणूस पुन्हा पहिल्या दिवशी जाऊन पोचतं, आणि आता मूळ प्रकरणापेक्षा "अजून काय लपवलंय?" हाच प्रश्न मोठा होतो. कोण, कधीपासून, कुठवर गेलं, पैसे किती गेले, ओळखीतल्या कुणाला माहीत होतं, आज संपर्क आहे का, एवढं एकदाच आणि पूर्ण सांगा. विचारणाऱ्यानंही शरीरसंबंधांचे बारीक तपशील खणू नयेत. ती चित्रं पुढं कित्येक महिने डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि मुलं झोपल्यावर ठरलेल्या वेळी अर्धा तास त्यावरच बोला. रंकाळ्यावर जाऊन बोलू असा विचार करू नका, तिथं दर दहा पावलांवर कोणी ना कोणी ओळखीचं भेटतं. पती-पत्नींच्या भांडणांचा आयुष्यभर अभ्यास केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, की नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही. अशा वेळी किमान 20 मिनिटं थांबावं. थांबा, पण परत कधी बोलणार ते सांगून उठा. न सांगता गाडी काढून निघून जाणं म्हणजे जखमेवर मीठ.

गॉटमन यांनी सावरण्याचा क्रमही सांगितलाय: आधी पश्चात्ताप, मग एकमेकांना समजून घेणं, आणि त्यानंतर जवळीक. आपल्या बैठकी थेट शेवटावर उडी मारतात. "एका खोलीत झोपा, सगळं ठीक होईल." "अजून एक मूल होऊ द्या." कृपा करून असा सल्ला कुणाला देऊ नका. दुखावलेल्या माणसाला दीड-दोन वर्षं लागणं नेहमीचं आहे. "अजून किती दिवस तेच तेच?" हे वाक्य चूक करणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

संपर्क अर्धवट तोडणं

तिसरं माणूस शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात त्याच कंपनीत असेल आणि डोक्यावर घराचा हप्ता असेल, तर उद्या नोकरी सोडणं जमत नाही. मग शिफ्ट किंवा विभाग बदलून घ्या, बोलणं कामापुरतं ठेवा, आणि त्या दिवशी समोर आलं असेल तर संध्याकाळी घरी आपणहून सांगा. विचारल्यावर दिलेल्या उत्तरापेक्षा न विचारता सांगितलेली गोष्ट जास्त विश्वास कमावते.

मोबाइलचंही तसंच. चूक करणाऱ्यानं तो स्वतःहून उघडा ठेवावा आणि तीन महिन्यांनी दोघांनी बसून गरज आहे का ते बघावं. चोरून अॅप टाकणं, कॉल रेकॉर्ड करणं टाळा. अशी रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 14 जुलै 2025 ला म्हटलंय. पण संसार टिकवायचं ठरलं असेल तर घरात कोर्टाची तयारी चालू ठेवून कुणी मनातलं बोलणार नाही.

बाईची चूक असेल तेव्हा

इथं त्याच बैठकीचा सूर बदलतो. फोन काढून घेतात, नोकरी बंद करतात, माहेरी धाडतात. घर शांत दिसतं, पण त्या शांततेत विश्वास कुठंच नसतो. मारहाण होत असेल तर समेटाची बोलणी तिथंच थांबवा आणि 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. "केस करून आत टाकतो" ही धमकीही पोकळ आहे: व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 ला रद्द केलं. व्यभिचार आता गुन्हा नाही, पण हिंदू विवाह कायदा 1955 खाली घटस्फोटाचं कारण आजही आहे. त्याच कायद्यात, माहीत असूनही माफ केलेल्या व्यभिचाराच्या आधारे घटस्फोट मिळत नाही. म्हणून मनात अजून दोन्ही वाटा असतील तर एकत्र राहायला लागण्याआधी वकिलाला एकदा विचारा.

लाजेपोटी राहून जाणारी गोष्ट म्हणजे तपासणी. शरीरसंबंध आले असतील तर दोघांनीही गुप्तरोगांची आणि एचआयव्हीची तपासणी करावी. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि निकाल गोपनीय राहतो. पहिली चाचणी लवकर झाली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करा, तोवर कंडोम वापरा.

आणि मुलांना निरोप्या बनवू नका. "आई-बाबांचं भांडण झालंय, तुझ्यामुळं नाही," एवढं त्यांना पुरतं.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर बैठकीची वाट बघू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. जोडीदार समुपदेशनाला यायला तयार नसेल तर एकट्यानं जा.