‘कुणी केलं?’ नको, ‘केव्हापासून?’ विचारा

19 नोव्हेंबर 2023, रविवार. वर्ल्ड कपची फायनल आपण नुकतीच हरलो होतो. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत एकही फटाका वाजला नव्हता, सगळी दारं बंद. दहाच्या सुमारास मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती बर्मिंगहॅमला असते. तिथे तेव्हा साडेचार वाजलेले, पण तिच्या खिडकीबाहेर अंधार. नोव्हेंबरात तिकडे सूर्य चारलाच मावळतो. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे हे मला आधी दिसतं.

ती म्हणाली, "आई, मी मुसलमान झालेय. तीन आठवडे झाले. दिवाळी तुझी नीट होऊ दिली, मग सांगतेय."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "कोण आहे तो?"

कुणीही नव्हता. ह्यांच्या धाकट्या भावाने, जाऊबाईंनी, वन्संनी, सगळ्यांनी पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न विचारला. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलाने किंवा मुलीने इस्लाम स्वीकारला असं तुमच्या घरी झालं असेल, तर माझ्या दोन वर्षांच्या अनुभवातून काही सांगते. तिला परत कसं आणायचं हे मला सांगता येणार नाही, आणि तुम्ही ते करू पाहू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिने हे का केलं, ते समजून कसं घ्यायचं, एवढंच सांगते.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत एकच काम करा: फोन चालू ठेवा. रोज बोलत असाल तर रोजच बोला. विषय तोच असायला हवा असं नाही. भाजी काय केलीस, थंडी किती आहे, एवढंही पुरतं.

‘बाबांना काय वाटलं असतं’ हे वाक्य मात्र उच्चारू नका. मी उच्चारलं. त्यानंतर अकरा दिवस तिचा फोन आला नाही.

नातेवाइकांच्या ग्रुपवर काही टाकू नका. सल्ले फार येतात. समुपदेशक म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी मला सांगितलं की आजारी आहे असं खोटं कळवून तिला बोलावून घ्या आणि पासपोर्ट काढून घ्या. तेहतीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या मुलीचा पासपोर्ट! मी फी देऊन उठले. असं कुणी सुचवलं तर तुम्हीही उठा.

खरी काळजी कधी करायची, तेही सांगते. तिच्या वतीने सतत दुसरंच कुणी बोलत असेल, जुन्या मैत्रिणी एकदम तुटल्या असतील, पगार कुणाच्या तरी हाती जात असेल, नोकरी सोडून घाईघाईत निकाह ठरत असेल, तर प्रत्यक्ष जाऊन भेटा. धर्म कुठलाही असो, ही लक्षणं वाईटच. माझ्या मुलीच्या बाबतीत यातलं एकही नव्हतं, हे मी नीट पाहून घेतलं.

‘का’ ऐवजी तारखा

‘का केलंस?’ असं विचारलं की समोरचं माणूस बचाव करायला लागतं. मग तुम्हाला पाठ केलेली उत्तरं मिळतात, आणि त्यांना तुम्ही पाठ केलेली प्रत्युत्तरं देता. मला यातून बाहेर काढलं ते कालनिर्णयने. दूध आणि पेपरचा हिशेब लिहिलेली जुनी कालनिर्णय मी टाकत नाही. 2021, 2022 आणि 2023 ची तिन्ही मी टेबलावर पसरली आणि तिला म्हटलं, "मला फक्त एवढं सांग, केव्हापासून? मी तारखेवर लिहून घेते."

ती दोन तास बोलली.

एप्रिल 2021 मध्ये तिचे वडील करोनाने गेले, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. ब्रिटनने 23 एप्रिलपासून भारताला लाल यादीत टाकलं होतं. आली असती तर परतताना दहा दिवस हॉटेलात सक्तीचं विलगीकरण आणि माणशी 1750 पौंड. पैशांचं तिने पाहिलं असतं, पण इथे आम्हीच सगळे पॉझिटिव्ह, येऊन उतरणार कुठे? वैकुंठ स्मशानभूमीतून दिरांनी चार मिनिटांचा व्हिडिओ कॉल लावला. दहावा-तेरावा आम्ही जमेल तसा केला, फोन भिंतीला टेकवून. तिने तिकडून पाहिलं. कॉल बंद झाल्यावर ती एकटी त्या फ्लॅटमध्ये काय करत होती, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारलं ते अडीच वर्षांनी, कालनिर्णय पुढे ठेवून.

तो रमजानचा महिना होता. खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात, मूळच्या पाकव्याप्त काश्मीरातल्या मीरपूरकडच्या. ‘वडील गेले’ एवढंच त्यांना कळलं होतं. रोज साडेआठच्या सुमारास, तिथला सूर्य मावळल्यावर, त्या दारात झाकलेली ताटली ठेवत: खजूर, भजी, कधी छोल्यांची चाट. बेल वाजवून जिना उतरून जात, कारण तेव्हा जवळ येणं शक्यच नव्हतं. पहिल्या दिवशी जिन्यातूनच एक अरबी वाक्य म्हणाल्या. अर्थ असा, की आपण अल्लाचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत. मुसलमान माणूस मृत्यूची बातमी ऐकली की हेच म्हणतो.

मी म्हटलं, "म्हणजे बाबा गेले म्हणून..." तिने मला तिथेच थांबवलं. "आई, बाबा गेले म्हणून मी प्रश्न विचारायला लागले. उत्तर पटलं म्हणून मुसलमान झाले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू त्यांची एक करू नकोस."

हे वाक्य मी ऑक्टोबर 2023 च्या पानावर लिहून ठेवलं आहे. आपण घरचे लोक नेमकी हीच चूक करतो. दुःख, एकटेपणा, मैत्रीण, प्रेमप्रकरण असं एक कारण हाती लागलं की आपल्याला वाटतं, कोडं सुटलं. पण ते निमित्त झालं. निमित्तापासून निर्णयापर्यंत अडीच वर्षं होती, आणि त्या अडीच वर्षांत ती काय करत होती हे कळायला हवं. ती वाचत होती. कुराणाची दोन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून वाचत होती. 2022 च्या रमजानमध्ये तिने खालच्या बाईंबरोबर एकच रोजा धरला, पुढच्या वर्षी अकरा. शनिवारी बायकांच्या एका वर्गाला जायची आणि तिथे शंका विचारायची. बायकांचे हक्क, वारसा, नरक, सगळं. काही उत्तरं पटली नाहीत, तीही तिने मला सांगितली.

आकडे कशासाठी वापरायचे

नातेवाइकांना शांत करायला आकडे उपयोगी पडतात, मुलीवर मात्र वापरू नका. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने 2017 मध्ये तिथल्या धर्मांतरित मुसलमानांना कारण विचारलं होतं. 24 टक्के म्हणाले, आधीच्या धर्मापेक्षा ही शिकवण जास्त पटली. 21 टक्क्यांनी सांगितलं, ग्रंथ वाचून, अभ्यास करून ठरवलं. समूहाचा भाग व्हायची ओढ 10 टक्के, आणि लग्न किंवा नातं हे मुख्य कारण फक्त 9 टक्के. दिरांना मी हे वाचून दाखवलं तेव्हापासून ‘कोण तो’ हा प्रश्न आमच्या घरात बंद झाला.

परिसरही समजून घ्या. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या 37 टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ असं लिहिलं. मुसलमान साडेसहा टक्के आहेत, पण बर्मिंगहॅम शहरात जवळजवळ 30. म्हणजे माझी मुलगी जिथे राहते तिथे देवाविषयी मोकळेपणाने बोलणारा, उपास करणारा, पहाटे उठणारा शेजारी मुसलमान असण्याची शक्यता बरीच. ऑफिसातल्या इंग्रज मैत्रिणी प्रेमळ आहेत, पण देवाचा विषय निघाला की अवघडतात, असं ती सांगते.

आणि हे आजचं नाही. लिव्हरपूलचे वकील विल्यम क्विलियम मोरोक्कोला जाऊन आल्यावर 1887 मध्ये मुसलमान झाले. कादंबरीकार मार्माड्यूक पिक्थॉल यांनी 1917 मध्ये जाहीर केलं. पुढे ते मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते, मग निजामाच्या हैदराबादेत, आणि 1930 मध्ये त्यांचं कुराणाचं इंग्रजी भाषांतर आलं. यांना कुणी फसवलं असं म्हणता येत नाही.

मला स्वतःला धीर दिला तो मात्र आपल्याच बाईने. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये, वाँटेजला, बाप्तिस्मा घेतला. संस्कृत जाणणारी, पंडितांच्या सभेत बोलणारी बाई. पुण्यात तेव्हा काय गदारोळ झाला! आज आपण केडगावला जाऊन त्यांचं काम पाहतो आणि मान झुकवतो. रमाबाईंनी विचार करून निर्णय घेतला हे मी वर्गात मुलींना सांगत आले होते. मग माझ्या मुलीने विचारच केला नसेल, असं मी कशावरून धरलं?

तिची कारणं, तिच्या शब्दांत

तुमच्याकडे वेगळी निघतील, पण ऐकायची कशी हे कळावं म्हणून लिहिते. तिचं पहिलं कारण शरीराचं होतं. दिवसातून पाच वेळा कामातून उठायचं, हातपाय-तोंड धुवायचं, कपाळ जमिनीला टेकवायचं. "मन लागो न लागो, शरीर तर जातं. मग मन येतं मागून." दुसरं, मध्ये कुणी नाही. गुरुजींना वेळ आहे का, सोवळं आहे का, पाळी आहे का. शेवटच्यावर मी तिला अडवलं, कारण पाळीत नमाज त्यांच्याकडेही नसतो. ती म्हणाली, "नसतो, पण मला कुणी बाजूला बसवत नाही. दुआ मागता येते." माझ्या सासूबाईंनी तिला बाराव्या वर्षी गणपतीच्या खोलीबाहेर बसवलं होतं. ते मी विसरले होते, ती नव्हती.

असं काही निघालं तर लगेच धर्माची वकिली करू नका. खूप टोचतं, मान्य. पाणी प्या आणि ऐका.

‘सगळे धर्म शेवटी एकच’ हे वाक्य आपण भलेपणाने म्हणतो, पण त्याने बोलणं बंद पडतं. मी तिला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं उदाहरण दिलं, मुसलमान घरात जन्मून विठ्ठलाच्या संतमेळ्यात बसलेले. ती हसली आणि म्हणाली, "एकच असतं तर मी एवढा त्रास कशाला घेतला असता?" फरक तिला महत्त्वाचा वाटतो. तो तिच्याकडून समजून घ्या.

काही शब्द माहीत हवेत. शहादा म्हणजे श्रद्धेचं वाक्य. ते मनापासून उच्चारलं की माणूस मुसलमान होतो. सहसा दोन साक्षीदार असतात. नाव बदलणं सक्तीचं नाही. माझ्या मुलीने बदललं नाही, आणि ते कळल्यावर मी रडले. तिकडे ‘कन्व्हर्ट’ऐवजी बरेच जण ‘रिव्हर्ट’ म्हणतात, म्हणजे परतलेला, कारण प्रत्येक मूल मूळ शुद्ध स्वभावावर जन्मतं असं ते मानतात. मला वाटलं होतं, आमच्या घरातून निघून ‘घरी परतले’ म्हणतेय. तसा अर्थ नव्हता. अडलेला शब्द विचारून घ्यावा.

कागद

हा भाग थोडक्यात. धर्म बदलला म्हणून मुलीचा आईवडिलांच्या मिळकतीतला हक्क जात नाही. 1850 च्या कायद्यापासून हे संरक्षण आहे. मात्र हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 26 प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेली तिची मुलं, वारसा खुला होताना हिंदू नसतील, तर हिंदू नातेवाइकांची वारस ठरत नाहीत. नातवंडांना काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. मी वकिलांकडे जाऊन केलं.

ती घरी येते तेव्हा

2025 च्या मार्चमध्ये ती आली. रमजान चालू होता आणि 30 तारखेला गुढीपाडवा. आधीच फोनवर विचारून घेतलं: काय चालेल, काय नाही. मांसाहार आमच्याकडे नाहीच, त्यामुळे हलालचा प्रश्न आला नाही. नैवेद्य दाखवलेलं ती खात नाही. तेव्हा नैवेद्याचं ताट वाढायच्या आधी श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी तिच्यासाठी वेगळ्या डब्यात काढून ठेवली. एवढंच करायचं असतं, पण आधी विचारलं नाही तर पानावर बसल्यावर दोघींचे डोळे भरतात. गुढीला तिने नमस्कार केला नाही. मला साडी नेसवायला आणि काठी बांधायला मदत केली. मी आग्रह केला नाही. नमाजाला मागची खोली दिली. दिशा मीच काढून दिली: पुण्याहून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. बर्मिंगहॅमहून आग्नेयेला पडते. खिडकीच्या चौकटीवर खडूने बाण केला.

पहाटेचा गजर लावून मी तिच्याबरोबर उठायचे. चहा आणि थालीपीठ. त्या पाऊण तासात ती जेवढं बोलली तेवढं शाळेत असतानाही बोलली नव्हती. तुमच्याकडे कुणी रमजानमध्ये आलं तर झोपून राहू नका.

पाडव्याला संध्याकाळी पावणेसातनंतर तिने खजूर खाऊन रोजा सोडला आणि मग तो डबा उघडला. वन्सं आल्या होत्या. त्या काही न बोलता तिच्या वाटीत आणखी श्रीखंड वाढत राहिल्या. नंतर आम्ही तिघी गच्चीत गेलो. तिला चंद्र दिसेना. मी सांगितलं, सूर्य बुडाला तिथे बघ, पश्चिमेला, पाण्याच्या टाकीच्या वर थोडं. आदल्या दिवशी अमावास्या झालेली. पाडवाही त्या अमावास्येवरूनच आला आणि मुलीचा नवा महिनाही. बारीक कोर आधी वन्संना दिसली.

दुसऱ्या दिवशी ईद. खाली उतरून मी दूधवाल्याला फोन केला, शिरखुर्म्यासाठी एक लिटर जास्त सांगितलं.