गॅस डिटेक्टर शून्य दाखवतोय? या चुका टाळा

डिटेक्टरवर शून्य दिसलं की माणूस निर्धास्तपणे टाकीत उतरतो. सोलापुरातल्या डाइंग हाऊसचा सांडपाण्याचा हौद असो की साखर कारखान्याची मळीची टाकी, घात इथेच होतो. हवा स्वच्छ असली तरी आकडा शून्य, आणि सेन्सर मेलेला असला तरी शून्यच.

विषारी वायू ओळखायला डिटेक्टरमध्ये बहुतेकदा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर असतो. तो एक छोटा रासायनिक सेलच. बारीक छिद्रातून वायू आत झिरपतो आणि वर्किंग इलेक्ट्रोडवर त्याची अभिक्रिया होते. काउंटर इलेक्ट्रोड सर्किट पूर्ण करतो, रेफरन्स इलेक्ट्रोड व्होल्टेज स्थिर ठेवतो. मध्ये बहुतेकदा सल्फ्युरिक आम्ल असतं. कार्बन मोनॉक्साइडचा प्रत्येक रेणू 2 इलेक्ट्रॉन सोडतो. वायू जास्त, तर प्रवाह जास्त. छिद्र बुजलं किंवा आम्ल सुकलं, तर प्रवाहच नाही. शिशाच्या गॅल्व्हॅनिक ऑक्सिजन सेन्सरचं मात्र उलट आहे. स्वच्छ हवेत तो 20.9 टक्के दाखवतो आणि थकला की आकडा घसरून अलार्म वाजतो. तो ओरडून मरतो, सडक्या अंड्यांसारखा वास असलेल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा सेन्सर गुपचूप.

म्हणून कामाआधी बम्प टेस्ट हवीच: सिलिंडरमधला माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू, समजा 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) हायड्रोजन सल्फाइड, सोडायचा आणि अलार्म वाजतो का पाहायचं. लायटर धरून तपासणं निरुपयोगी आहे. लायटरमधला ब्यूटेन या सेन्सरला कळतच नाही. एलपीजी, मिथेनसाठी कॅटॅलिटिक सेन्सर वेगळा असतो. नाकावरही विसंबू नका. 100 पीपीएमच्या आसपास सडक्या अंड्यांचा तो वास येईनासा होतो, आणि तेवढाच वायू जिवावर बेततो.

यंत्रमागाच्या शेडमध्ये डिटेक्टरच्या तोंडाशी नीट बघा. धूळ आणि सुताचे तंतू मिळून फिल्टरवर करड्या नमद्यासारखा थर बसतो. कॉम्प्रेसरची हवा मारून तो उडवू नका, आतला नाजूक पडदा फाटतो. फिल्टर बदला आणि पुन्हा बम्प टेस्ट घ्या.

झिरो सेट करताना, म्हणजे स्वच्छ हवेतला आकडा शून्यावर आणताना, जागा बघा. बॉयलरजवळ उभं राहून झिरो केलं, तर तिथला कार्बन मोनॉक्साइडच शून्य ठरतो. मोकळ्या हवेत आकडा उणे दिसायला लागला, तर आधी हीच शंका घ्या.

बॅटरी चार्जिंगच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतो तेव्हा बहुधा हायड्रोजन असतो, कारण हा सेन्सर त्यालाही प्रतिसाद देतो. अलार्म खोटा म्हणून खोली बंद करून निघून जाऊ नका. हायड्रोजन साचला तर स्फोट होतो. याहून वाईट उलटी गडबड. ब्लीचिंगजवळच्या क्लोरीनमुळे हायड्रोजन सल्फाइडच्या काही सेन्सरचा आकडा खाली ओढला जातो. सेन्सरच्या डेटाशीटमधला क्रॉस-सेन्सिटिव्हिटीचा (दुसऱ्या वायूंना सेन्सर कसा प्रतिसाद देतो याचा) तक्ता वाचल्याशिवाय अशा ठिकाणी डिटेक्टर लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आपला उन्हाळा सेन्सरचा शत्रू. बहुतेकांची मर्यादा 50 अंशांपर्यंत असते. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ती सहज ओलांडली जाते. कोरड्या हवेत आम्लातलं पाणी उडतं, पावसाळी दमट हवेत ते पाणी शोषतं आणि फार झालं तर गळतं. थंड, सावलीच्या जागी ठेवा.

कोल्ड स्टोरेजमधल्या अमोनिया सेन्सरना वेगळाच त्रास. थोडी गळती कायम चालू असेल, तर अनेक सेन्सरमधलं रसायन त्यातच खर्च होतं आणि ते वेळेआधीच संपतात. नुसता सेन्सर बदलू नका, आधी गळती शोधा.

सुटे सेन्सर घेताना उत्पादनाची तारीख बघा. फळीवर पडूनही ते म्हातारे होतात. नायट्रिक ऑक्साइडसारखे बायस (इलेक्ट्रोडवर सतत ठेवलेला ठरावीक व्होल्टेज) लागणारे सेन्सर बसवल्यावर स्थिरावायला बरेच तास घेतात. ते आदल्या दिवशीच बसवून चालू ठेवा.