इंग्लंडात पबमध्ये राउंड कसा घेतात, नवीन आलेल्यांसाठी

ऑफिसात लागलात की पहिल्या दुसऱ्या शुक्रवारी कोणीतरी विचारणारच, पबला येणार का, तेव्हा नक्की जा, दारू पीत नसलात तरी जा. पण राउंडचं गणित आधी समजून घ्या, कारण तुम्हाला ते माहीत असेलच असं सगळे धरून चालतात आणि मुद्दाम कोणी सांगत नाही.

आपल्याकडे एकतर टीटीएमएम नाहीतर बिल आलं की "मी देतो, मी देतो" अशी ओढाओढी. इथे बहुतेक पबमध्ये शेवटी बिल येतच नाही, वेटरही येत नाही, काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची, लगेच पैसे द्यायचे आणि ग्लास आपणच उचलून आणायचे. राउंड म्हणजे एक जण सगळ्यांसाठी आपल्या पैशाने आणतो, ते संपत आले की दुसरा उठतो. कोणी आठवण करायची वाट बघू नका, सगळ्यात भराभर पिणाऱ्याचा ग्लास तळाशी आला की उठायचं आणि सगळ्यांना विचारायचं.

मी नवीन असताना दुसऱ्यांनी आणलेले दोन राउंड प्यायलो आणि माझा न आणताच ट्रेन आहे म्हणून निघून गेलो. तेव्हा कोणी काही बोललं नाही, पण नंतर टीममधल्या एका वयाने मोठ्या सहकाऱ्याने बाजूला घेऊन सांगितलं की हे लोकांच्या लक्षात राहतं. फार वाईट वाटलं हो, पैसे वाचवायचे नव्हतेच मुळी. म्हणून कळकळीने सांगतो, लवकर निघायचं असेल तर पहिला राउंड तुम्हीच आणा. पैशाची ओढाताण असेल तर सुरुवातीलाच सांगा की आज माझं मी घेतो, कोणाला राग येत नाही, फक्त मग दुसऱ्याकडूनही घ्यायचं नाही. आणि आठ दहा जण असतील तर तीन चार जणांचे गट पडतात, त्यातल्या एकात शिरा.

श्रावण पाळता किंवा पीतच नाही? लाइम अँड सोडा मागा, कोणी खोदून विचारत नाही. तुमचा ग्लास स्वस्त आणि बाकीच्यांचे पाइंट (बिअरचे मोठे ग्लास) महाग, त्यामुळे बरेच जण म्हणतील तू राहू दे, तरी एकदा तरी आणाच, त्यातून जी आपुलकी तयार होते ती मला इथे दुसरीकडे कुठे मिळाली नाही. सगळे बिअर घेत असताना दुसऱ्याच्या राउंडमध्ये डबल व्हिस्की मात्र सांगू नका.

ऑर्डर देताना कोणाचं गिनेस (काळी आयरिश बिअर) असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, त्याचा फेस बसायला दोनेक मिनिटं लागतात, तोवर बाकीचे ग्लास भरून होतात. काउंटरवर रांग दिसत नाही पण असते, कोण आधी आलं ते सगळ्यांना माहीत असतं, चुटक्या वाजवायच्या नाहीत, नोट हलवायची नाही. टीप देत नाहीत, फार तर "अँड वन फॉर युअरसेल्फ", म्हणजे एक तुमच्यासाठीही घ्या, असं काउंटरवरच्याला म्हणतात.

राउंडची ही सवय इतकी जुनी आणि घट्ट आहे की पहिल्या महायुद्धात, 1915 साली, सरकारने लंडनसकट बऱ्याच भागांत दुसऱ्यासाठी दारू घेण्यावरच बंदी घातली होती.

चखण्याला क्रिस्पचं (बटाटा वेफर्सचं) पाकीट आणलंत तर उभं फाडून टेबलावर सपाट उघडून ठेवा, ते सगळ्यांचं असतं. पोर्क स्क्रॅचिंग्ज म्हणजे डुकराची तळलेली कातडी, शाकाहारी मंडळींनी विचारूनच हात घाला.