सांभाळायला आलेलं कासव: खानदेशच्या उन्हाळ्यात कसं जगवायचं आणि कुणाच्या हाती द्यायचं

मागच्या मे महिन्यात गल्लीतल्या एका कुटुंबाची बदली झाली. जाताना त्यांनी आमच्या ओट्यावर प्लॅस्टिकचा एक डबा ठेवला. त्यात बोटभर पाणी, प्लॅस्टिकचं नारळाचं झाड आणि तळहाताएवढं कासव. डोळे सुजून मिटलेले, पाठीवर बोट टेकलं की कवच आत दबायचं. "गिरणेत सोडून द्या, पुण्य लागेल," असं चौघांनी तरी सांगितलं. तुमच्याकडे असं कासव आलं, तर हे एवढं मात्र करू नका.

आधी कासव ओळखा. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढं दिसतं, पण मादी फूटभरापर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर 25-30 वर्षं जगते. नदीत सोडलं तर ते आपल्या देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं, सोबत रोगही नेतं. कवचावर पिवळ्या चांदण्या असतील, किंवा पाठ गुळगुळीत आणि मागचे पाय झाकणाऱ्या झडपा असतील, तर ते आपल्याकडचं कासव. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी पाळता येत नाही. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा आणि माणूस येईपर्यंत त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात शांत जागी ठेवा. चांदण्यांचं कासव जमिनीवरचं आहे. त्याला पाण्यात सोडलं तर ते बुडून मरतं.

स्लायडर असेल तर मोठा टब घ्या. पाणी निदान त्याच्या पाठीच्या लांबीच्या दीडपट खोल हवं आणि एका बाजूला विटा रचून चढायला कोरडी जागा हवी. तिथे बसून ते अंग पूर्ण वाळवतं, नाहीतर कवचाला बुरशी धरते. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग भरा. घाण दिसली की बदला. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांचे तर आठवणीने, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात.

उन्हाचं नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे कासवं यातच जातात. कवच घट्ट व्हायला थेट ऊन लागतं. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, हवी ती किरणं काचच अडवते. पण जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा गच्चीवर ठेवलेल्या टबातलं पाणी दुपारपर्यंत कढतं आणि कासवाला पळायला जागा नसते. म्हणून मे महिन्यात सकाळी सातच्या सुमारास तासभर ऊन द्या, तेही अर्ध्या टबावर फळी टाकून, आणि मग घरात घ्या. गार म्हणून कूलरच्या टाकीत सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. तिथे पंप आहे, वीज आहे, तसं करू देऊ नका. जानेवारीच्या रात्री उलटा त्रास: पाणी 24-26 अंशांवर राहील असा मत्स्यटाकीचा हीटर लावा.

भात, पोळी, दूध देऊ नका. दुकानातली नुसती वाळलेली कोळंबीही पुरत नाही. कासवांच्या खाद्याच्या गोळ्या, बारीक मासे, गांडूळ, पालेभाजी, किसलेलं गाजर, लाल भोपळा द्या. पालक रोज नको, त्याने कॅल्शियम अंगी लागत नाही. पिल्लाला रोज, मोठ्याला दिवसाआड. डोळे सुजण्याचं नेहमीचं कारण जीवनसत्त्व 'अ' कमी पडणं, पण पशुवैद्यांना दाखवाच. नाकातून बुडबुडे येत असतील किंवा कासव एका बाजूला कलून तरंगत असेल तर त्याच दिवशी न्या, तो न्यूमोनिया असू शकतो. एक मात्र सांगून ठेवा: गुरांना जंतांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला विषासारखं आहे.

आता नवं घर. देण्याची घाई करू नका. आधी ते खाऊ-पिऊ लागू द्या. मागणाऱ्याच्या घरी स्वतः जा आणि टब कुठे ठेवणार ते बघा. शेतातला हौद सांगितला तर भिंत उंच आहे का, वर जाळी आहे का, पावसाळ्यात नाल्याचं पाणी हौदात शिरतं का, हे विचारा. शिरत असेल तर कासव नाल्यातून नदीत जाणारच. वास्तूसाठी किंवा धनलाभासाठी मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. योग्य माणूस मिळाला नाही तर वनविभागाला विचारा.

नेताना पाण्यात ठेवू नका. भोकांच्या खोक्यात ओलसर फडकं अंथरा आणि सकाळच्या गाडीने न्या. आमचं कासव ऑक्टोबरमध्ये चोपड्याच्या एका शिक्षिकेकडे गेलं. टब, विटा, हीटर आणि काय खातं याची चिठ्ठीही सोबत दिली. दिवाळीत त्यांनी फोटो पाठवला: विटेवर बसलेलं, डोळे उघडे, चारी पाय उन्हात ताणलेले.