जुना सीआरटी प्रोजेक्टर सोलापुरातल्या घरात कसा बसवावा

सीआरटी प्रोजेक्टर, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबने पडद्यावर चित्र टाकणारे यंत्र, आजही घरी आणावेसे वाटते ते मुख्यतः काळ्या रंगासाठी. दृश्यात अंधार असेल तेव्हा या यंत्राच्या ट्यूबवर इलेक्ट्रॉनचा मारा जवळजवळ थांबतो, त्यामुळे पडद्यावर पाठवण्यासाठी प्रकाशच तयार होत नाही. एलसीडी किंवा डीएलपी या नंतरच्या प्रकारच्या प्रोजेक्टरमध्ये दिवा सतत जळत असतो, त्याचा प्रकाश अडवावा लागतो आणि तो कधीच पूर्णपणे अडत नाही. बार्को, सोनी, एनईसी, इलेक्ट्रोहोम अशा कंपन्यांची ही यंत्रे एके काळी प्रिव्ह्यू थिएटर, सभागृहे आणि सिम्युलेटर यांसाठी बनली. आता ती तेथून निघून, मूळ किमतीच्या तुलनेत अगदी थोड्या पैशांत मिळतात. मात्र ती घरी आणून वायर जोडली की चित्र दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. या यंत्राचे चित्र बटणांनी नव्हे, तर बटणांना हात लावण्यापूर्वी केलेल्या कामाने ठरते. मापे, समतलपणा, अंधार आणि स्थिर वीज या चार गोष्टी आधी नीट झाल्या नाहीत, तर पुढची प्रत्येक इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती फोकस किंवा ट्यूबचे आयुष्य खर्च करूनच मिळते.

यंत्र निवडताना पहिली तपासणी ट्यूबची करावी. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन स्वतंत्र ट्यूब असतात आणि त्यांचा आकार सात, आठ किंवा नऊ इंच असतो. यंत्र बंद असताना लेन्समधून टॉर्चचा प्रकाश आत टाकून प्रत्येक ट्यूबचा दर्शनी भाग पाहावा. झिजलेल्या फॉस्फरवर (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने उजळणाऱ्या ट्यूबच्या आतल्या थरावर) तपकिरी छटेचा चौकोन स्पष्ट दिसतो. हिरवी आणि निळी ट्यूब सहसा लालपेक्षा लवकर झिजते. तासांच्या मीटरवर फार विसंबू नये, कारण कमी तास चाललेल्या पण सदैव पूर्ण काँट्रास्टवर ठेवलेल्या यंत्राची ट्यूब जास्त तास जपून वापरलेल्या यंत्रापेक्षा खराब असू शकते. नंतर यंत्र सुरू करून एकेका रंगाचा पूर्ण, सपाट पडदा पाहावा. जळालेला भाग तेथे लपत नाही. ट्यूबसमोर ग्लायकॉलचे कूलंट (ट्यूब थंड ठेवणारा द्रव) असेल, तर त्यात धूसरपणा किंवा बुरशीचे ठिपके आहेत का, हेही याच वेळी तपासावे.

पुणे, मुंबई किंवा हैदराबादहून यंत्र आणायचे असेल तर टेम्पोत ते त्याच्या नेहमीच्या बैठकीतच, खाली जाड फोम घालून ठेवावे, आडवे किंवा उलटे करू नये. आठ-नऊ इंची यंत्राचे वजन साठ ते शंभर किलोच्या घरात असते, म्हणून उचलायला चार माणसे हवीतच. घरी आल्यावर ते लगेच सुरू करू नये. लेन्सच्या खालच्या बाजूला बोट फिरवून ओलसर, किंचित चिकट द्रव लागतो का ते पाहावे. कूलंट गळून सर्किट बोर्डवर पडले, तर शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका असतो. अशी गळती दिसली तर यंत्राची वीज जोडूच नये. ट्यूबला तीस हजार व्होल्टच्या वर दाब लागतो आणि वीज काढल्यावरही तो काही काळ आत टिकून राहतो, म्हणून झाकण उघडण्याचे काम टीव्ही दुरुस्तीतल्या अनुभवी, जाणत्या कारागिरावरच सोपवावे.

खोलीचा विचार करताना छताकडे आधी लक्ष द्यावे. सोलापूरच्या जुन्या पेठांतील अनेक घरांना अजूनही माळवद आहे, आणि त्यावर किंवा लाकडी तुळयांवर एवढे वजन टांगणे सर्वस्वी चुकीचे आहे. आरसीसी स्लॅब असला तरी जमिनीवरची मांडणी मला अधिक योग्य वाटते, कारण लेन्सचा फोकस आणि फिल्टरची सफाई या दोन्ही कामांसाठी यंत्र हाताशी राहते. फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगलचा भक्कम स्टँड करून घ्यावा आणि त्याच्या चारही पायांना उंची कमी-जास्त करता येणारे नट असावेत. शहाबादी फरशी सपाट दिसली तरी तिला उतार असतो, तो या नटांनी काढता येतो. घरात लोखंडी गर्डर असतील, तर यंत्र त्यांच्यापासून शक्य तेवढे दूर ठेवावे. मोठ्या स्पीकरचे चुंबकही असेच दूर हवेत. इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकीय क्षेत्राने वाकतो, आणि तीन झोत तीन प्रकारे वाकले की रंग एकमेकांवर बसत नाहीत.

अंधाराबाबत तडजोड नको. आठ इंची यंत्र पडद्यावर प्रत्यक्षात साधारण दोनशे ल्युमेन प्रकाश देते. सात फूट रुंद आणि सुमारे चार फूट उंच पडद्यावर हा प्रकाश पसरला की सातच्या आसपास फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजळपणा मोजण्याचे एकक) मिळतात. डिजिटल सिनेमागृहासाठी ठरलेले प्रमाण १४ आहे. म्हणजे हे चित्र मुळातच सौम्य असते आणि दाराच्या फटीतून येणारा उजेडही त्याचा काळेपणा घालवतो. चाटी गल्लीत जाड, गडद कापड सहज मिळते. खिडक्यांना त्याचे दुहेरी पडदे लावावेत आणि पडद्यासमोरच्या भिंती व छत यांना चमक नसलेला गडद रंग द्यावा, कारण पांढऱ्या छतावरून परत येणारा प्रकाश काळ्या भागात मिसळतो. प्रकाश कमी म्हणून जास्त गेनचा, म्हणजे प्रकाश समोरच्या दिशेला जास्त परतवणारा, पडदा घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. तीन लेन्स तीन कोनांतून प्रकाश टाकतात, त्यामुळे जास्त गेनच्या पडद्यावर एका बाजूला लालसर आणि दुसऱ्या बाजूला निळसर छटा दिसते. १.३ पर्यंतचा गेन पुरे.

विजेची बाजू सोलापुरात विशेष महत्त्वाची आहे. यंत्रासाठी स्वतंत्र लाइन घ्यावी, तिच्यावर योग्य क्षमतेचा सर्व्हो स्टॅबिलायझर बसवावा आणि त्यापुढे ऑनलाइन यूपीएस ठेवावा. चालू चित्रपटात वीज गेली की पंखे थांबतात आणि तापलेल्या ट्यूबची उष्णता आतच कोंडते. यूपीएस असेल तर यंत्र रीतसर बंद करण्यास अवधी मिळतो. अर्थिंगची तपासणी मात्र बहुतेकांकडून राहून जाते. एप्रिल-मे महिन्यांत येथील जमीन इतकी कोरडी पडते की अर्थिंगच्या खड्ड्याचा विद्युत रोध वाढतो. खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि मल्टिमीटरने न्यूट्रल व अर्थ यांमधील व्होल्टेज मोजावे. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरमनला बोलवावे. प्लेअर, अॅम्प्लिफायर आणि प्रोजेक्टर यांचे अर्थिंग एकच असावे, नाही तर चित्रावरून सावकाश सरकणारे आडवे पट्टे दिसतात आणि दोष उगाच केबलला दिला जातो.

आता मापे. या लेन्सना झूम नसतो, म्हणून अंतर यंत्राच्या मॅन्युअलमधील तक्त्यानुसारच ठेवावे लागते. सर्वसाधारणपणे ते पडद्याच्या रुंदीच्या सव्वा ते दीडपट असते, म्हणजे सात फुटी पडद्यासाठी पावणेनऊ ते साडेदहा फूट. परंतु ते लेन्सच्या पुढच्या काचेपासून मोजायचे की ट्यूबच्या दर्शनी भागापासून, हे प्रत्येक कंपनीने वेगळे ठरवले आहे. पडद्याच्या मध्यावरून ओळंबा सोडून खाली फरशीवर खूण करावी, तेथून काटकोनात मागे रेषा मारावी आणि मधली हिरवी लेन्स बरोबर त्या रेषेवर आणावी. पडद्याच्या डाव्या आणि उजव्या कडेपासून हिरव्या लेन्सपर्यंतची दोन्ही अंतरे टेपने मोजून सारखी आहेत का ते पाहावे. पाच मिलिमीटरचा फरकसुद्धा नंतर त्रास देतो. अनेक यंत्रांत लाल आणि निळ्या ट्यूबचा आतल्या बाजूचा कोन पडद्याच्या आकारानुसार बदलता येतो. तोही तक्ता पाहून आत्ताच लावून घ्यावा. चित्र उलटे किंवा आरशासारखे दिसले, तर यंत्र आधी छतावर किंवा पडद्यामागे बसवलेले होते असे समजावे. काही यंत्रांत ते मेन्यूतून बदलते, काहींत आतील जोडण्या बदलाव्या लागतात.

सिग्नल द्यायला पाच बीएनसी (फिरवून बसवायच्या गोल जोडणीच्या) केबल लागतात: तीन रंगांच्या आणि दोन सिंकच्या, म्हणजे ओळी व फ्रेम कधी सुरू होतात हे सांगणाऱ्या. आजच्या प्लेअरला एचडीएमआयच असते, म्हणून मध्ये एक चांगला कन्व्हर्टर हवा आणि तो एचडीसीपी, म्हणजे एचडीएमआयवरील कॉपी-संरक्षण, मान्य करणारा असावा. सात इंची यंत्राला ७२० ओळींचे चित्र योग्य, आठ इंचीला १०८० इंटरलेस्डपर्यंत (एका वेळी एकाआड एक ओळी), आणि १०८० प्रोग्रेसिव्हचा (सर्व ओळी एकाच वेळी) खरा उपयोग नऊ इंचीलाच होतो. ट्यूबवरील ठिपक्यापेक्षा ओळी बारीक झाल्या की त्या एकमेकींवर चढतात आणि तपशील वाढण्याऐवजी घटतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचे असल्याने ४८ किंवा ७२ हर्ट्झचा सिग्नल दिल्यास कॅमेऱ्याची हालचाल अडखळत नाही. १०८० प्रोग्रेसिव्हला ४८ हर्ट्झवर ५४ किलोहर्ट्झ स्कॅनिंग (सेकंदाला ५४ हजार ओळी) लागते, ते यंत्राला झेपते का हे आधी पाहावे.

तीन रंग एकमेकांवर बसवण्याच्या जुळवणीला बसण्यापूर्वी यंत्र किमान अर्धा तास, शक्यतो पाऊण तास, मध्यम उजेडाच्या चालत्या चित्रावर तापू द्यावे. थंड यंत्रावर जुळवलेले रंग तासाभरात सरकतात.

प्रथम फक्त हिरवी ट्यूब चालू ठेवावी. काँट्रास्ट अगदी कमी करून लेन्समधून आत पाहावे. ट्यूबवर उजळलेला चौकोन दिसतो. तो बरोबर मध्यभागी असावा आणि कडेपासून चारही बाजूंनी थोडी जागा सुटलेली असावी. चौकोन फार लहान ठेवला तर तेवढाच फॉस्फर लवकर झिजतो, कडेला टेकवला तर ट्यूबला इजा पोहोचते. त्यानंतर चित्र पडद्यावर मध्यात येत नसेल, तर शिफ्टचे (चित्र ट्यूबवर सरकवण्याचे) बटण वापरू नये. स्टँड हलवावा, पायांचे नट फिरवावेत. हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. शिफ्टने चित्र पडद्यावर मध्यात येते खरे, पण ट्यूबवर ते एका कडेला जाते आणि तेथे फोकस कधीच नीट बसत नाही.

लेन्सवर सहसा फोकसचे दोन स्क्रू असतात, एक मध्यासाठी आणि एक कोपऱ्यांसाठी. आधी मध्य, मग कोपरे, मग पुन्हा मध्य असे दोन-तीनदा करावे आणि नंतरच इलेक्ट्रॉनिक फोकसला हात लावावा. पडद्याजवळ उभे राहून एकेक स्कॅन ओळ सुटी दिसेपर्यंत फोकस बारीक करावा. यासाठी एक माणूस पडद्याशी आणि दुसरा लेन्सपाशी असला की काम निम्म्या वेळात होते.

मग भूमिती. पडद्यावर आडवा आणि उभा असा बारीक काळा सुती दोरा मध्यावरून ताणून बांधावा. यंत्राच्या आतील जाळीची आकृती लावून हिरव्या मध्यरेषा दोऱ्यांवर आणाव्यात, आणि मग उतार, वाक, कीस्टोन (एक बाजू दुसरीपेक्षा रुंद होणे), पिनकुशन (कडा आत वाकणे) या क्रमाने बाहेरच्या रेषा सरळ कराव्यात. हिरवा रंग पूर्ण समाधानकारक होईपर्यंत लाल सुरू करू नये, कारण पुढचे दोन्ही रंग त्याच्यावरच बसवायचे आहेत.

लाल आणि हिरवा एकत्र लावले की जुळलेली रेषा पिवळी दिसते. न जुळलेल्या ठिकाणी पिवळ्याच्या एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला हिरवी किनार उरते. प्रथम मध्यबिंदू, नंतर मध्यरेषांची टोके, शेवटी कोपरे, असा आतून बाहेर जाणारा क्रम ठेवावा. एखादा कोपरा फार ओढावा लागत असेल, तर समजावे की यंत्राची बैठक किंवा ट्यूबचा कोन चुकला आहे. तेथे बटण दाबत राहण्यापेक्षा मागे जाऊन माप तपासणे श्रेयस्कर. लाल बसला की तो बंद करून निळा व हिरवा लावावा. निळी रेषा डोळ्याला अंधुक दिसते, म्हणून दोन्ही मिळून होणारा आकाशी रंग पाहावा. निळ्या ट्यूबचा फोकस किंचित सैल ठेवण्याची पद्धत आहे आणि ती योग्य आहे: निळा फॉस्फर तीव्र माऱ्याला पुरेसा प्रकाश देत नाही, झोत थोडा पसरला की तो देतो आणि पांढरा रंग पिवळट पडत नाही. सैलपणा एवढाच असावा की पांढऱ्या अक्षरांभोवती निळे वलय दिसू नये.

शेवटी रंगांचे प्रमाण. प्रत्येक ट्यूबचा जीटू (तिच्या काळ्या पातळीचा आतला स्क्रू किंवा सेटिंग) असा लावावा की काळ्या पडद्यावर तिचा उजळलेला चौकोन नुकताच दिसेनासा होईल. त्यानंतर कलरिमीटर (पडद्यावरील रंग मोजणारे उपकरण) आणि एचसीएफआर हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पांढरा रंग ६५०० केल्विनवर आणावा, अंधाऱ्या आणि उजळ अशा दोन्ही पातळ्यांवर. काँट्रास्ट वाढवताना पांढरी अक्षरे फुगू लागली की तेथून दोन पायऱ्या खाली यावे.

वापरात स्थिर चित्र टाळावे. वाहिनीचे बोधचिन्ह, बातम्यांची पट्टी आणि क्रिकेटचा धावफलक फॉस्फरवर कायमचा उमटतो, म्हणून हे यंत्र चित्रपटांसाठीच ठेवलेले बरे. यंत्रमागांच्या भागात हवेत सुताचा तंतू सतत असतो. पंख्यांचे फिल्टर महिन्यातून एकदा ब्लोअरने साफ करावेत. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि यंत्रही पाचशे वॅटच्या आसपास उष्णता सोडते, त्यामुळे बंद खोलीत एसीशिवाय ते चालवू नये. थंडीतून उन्हाळ्यात जाताना रंग थोडे सरकतात. तेव्हा सगळी जुळवणी पुन्हा न करता फक्त मध्यबिंदू तपासावा, बहुधा तेवढे पुरते. प्रत्येक सिग्नलची जुळवणी वेगळ्या मेमरीत साठवावी आणि सर्व आकडे वहीत उतरवून ठेवावेत, कारण मेमरी जपणारी आतली बॅटरी या वयाच्या यंत्रात कधीही संपू शकते.