वॉर्डात फंडस बघायला शिकवताय? या चुका टाळा

‘फंडस नॉर्मल’ हे दोन शब्द केस पेपरवर जितक्या सहज उमटतात तितक्या सहज फंडस, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, कुणी बघत नाही, हे मेडिसिनच्या कुठल्याही युनिटला ठाऊक असतं. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोकेदुखी, अचानक आलेली न्यूरोची लक्षणं, नजरेची तक्रार किंवा भलतंच वाढलेलं बीपी घेऊन इमर्जन्सीत आलेले ३५० रुग्ण त्यात होते. ऑफ्थॅल्मोस्कोपने (डोळ्याच्या आत बघायच्या यंत्राने) तपासणी झाली ती फक्त ४८ जणांची. कॅमेऱ्याने फोटो काढल्यावर ४४ जणांच्या डोळ्यांत महत्त्वाचे बदल निघाले आणि त्यातला एकही इमर्जन्सीच्या डॉक्टरांना स्वतःच्या तपासणीत सापडला नव्हता.

रेसिडेंट डॉक्टरच्या आळसावर हे ढकलून मोकळं होता येतं. पण त्याला काही दिसेल अशी सोय आपण करतो का? दोन-तीनदा नुसता लाल गोळा बघून परतलेला पोरगा चौथ्यांदा ते यंत्र हातात घेत नाही, कानाला फोन लावून ऑप्थॅलला, म्हणजे नेत्रविभागाला, रेफरन्स सांगतो.

पहिलाच पेशंट सत्तरीचा

‘जा रे, नऊ नंबरच्या आजोबांचा फंडस बघून ये.’ आजोबांना वीस वर्षांचा मधुमेह, बाहुली बारीक, मोतीबिंदू अर्धा पिकलेला, डोक्यावर ट्यूबलाइट जळतेय, बाहुली मोठी करणारे थेंब टाकलेले नाहीत. इथे मुरलेल्या माणसालाही घाम फुटेल. डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप चित्र साधारण १५ पट मोठं दाखवतो, पण एका वेळी एक-दोन डिस्क (डिस्क म्हणजे डोळ्याची नस पडद्याला मिळते ती गोल जागा) मावतील एवढाच तुकडा दिसतो. किल्लीच्या भोकातून खोली बघण्यासारखंच ते. पहिला सराव तरुण सहकाऱ्यावर, बाहुली मोठी करून, अंधाऱ्या खोलीत व्हायला हवा.

दुसरी चूक शिकवणाऱ्याची: पहिल्याच दिवशी ‘एक्झुडेट (पिवळसर डाग) दिसले का, हेमरेज (रक्तस्राव) दिसलं का’ विचारणं. सुरुवातीला फक्त डिस्क गाठू द्या. रक्तवाहिनी दिसली की तिच्या फाट्याचं टोक जिकडे रोखलेलं असतं तिकडे सरकायचं, डिस्क सापडतेच. खरंच दिसली का हे तपासायचं असेल तर चार-पाच सहकाऱ्यांचे फंडस फोटो नावं झाकून टेबलावर मांडा आणि ‘आत्ता बघितलास तो कोणता’ म्हणून विचारा. थाप मारायला जागाच उरत नाही.

थेंबांची भीती

‘ग्लॉकोमा होईल’ या धास्तीने थेंब टाळले जातात. नुसत्या ट्रॉपिकामाइडच्या थेंबांनी अँगल क्लोजर (डोळ्यातला दाब अचानक वाढवणारा ग्लॉकोमा) होणं फार दुर्मीळ आहे. तरी कानशिलाच्या बाजूने बुबुळाला समांतर टॉर्च धरा. नाकाकडची अर्धी बाजू सावलीत गेली तर आधी नेत्रविभागाला विचारा. आपल्याकडे फिनाइलेफ्रिन मिसळलेले थेंबही सर्रास मिळतात. बीपी चढलेल्या रुग्णाला ते नकोत, साधं ट्रॉपिकामाइड टाका आणि वीस-तीस मिनिटं थांबा. पेशंटला सांगा, ‘काका, आता काही तास जवळचं अंधुक दिसेल, गाडी चालवू नका.’

डोक्याला मार लागलेल्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या पेशंटला मात्र विचार न करता डायलेट करू नका, म्हणजे थेंबांनी बाहुली मोठी करू नका. तिथे बाहुलीवरच तर सगळ्यांचं लक्ष असतं. टाकलेच असतील तर कोणते, कोणत्या डोळ्यात, किती वाजता हे केस पेपरवर लिहा आणि सिस्टरना तोंडीही सांगा. नाहीतर रात्री दोन वाजता नवा ड्युटी डॉक्टर मोठी, न हलणारी बाहुली बघून सीटीसाठी धावपळ सुरू करतो.

पलंगाची अडचण

पेशंटचा उजवा डोळा आपल्या उजव्या डोळ्याने, यंत्र उजव्या हातात. डावा डोळा डाव्याने. हे सगळ्यांना पाठ असतं. पण वॉर्डात डाव्या बाजूला लॉकर, सलाइनचा स्टँड आणि नातेवाइकाची पिशवी असते, म्हणून रेसिडेंट उजवीकडूनच वाकतो आणि नाकाला नाक भिडतं. पेशंटला स्टुलावर बसवता आलं तर उत्तम, नाहीतर वॉर्डबॉय मामांना सांगून पलंग ओढून घ्या.

‘माझ्याकडे बघा’ म्हणू नका. प्रकाशाकडे बघितलं की बाहुली आणखी बारीक होते. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवा आणि आपलं डोकं दुसऱ्या डोळ्याच्या आड येणार नाही याची काळजी घ्या. हातभर अंतरावरून लाल चमक बघा, कानशिलाकडून साधारण १५ अंशांच्या कोनात ती न सोडता आत या आणि अगदी दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जवळ जा. बहुतेक जण संकोचाने वीतभर लांबच थांबतात, तिथून काही दिसणार नाही. प्रकाश बेताचाच ठेवा. मॅक्युला (पडद्याचा मधला, सगळ्यात स्पष्ट दिसणारा भाग) शेवटी बघा.

चित्र धूसर असेल तर तर्जनीने लेन्सचं चाक फिरवा. स्वतःचा चष्मा काढला असेल तर तो नंबरही त्यात मोजला जातो. मायनस नंबरवाल्यांना बहुतेक वेळा लाल आकड्यांकडे जावं लागतं.

डिस्क सुजलीय की नाही

नाकाकडची कड थोडी पुसट असणं नॉर्मल असू शकतं. प्लस नंबरच्या छोट्या डिस्कही दाटीवाटीच्या दिसतात. कडेवरून जाणाऱ्या रक्तवाहिन्या झाकल्या जातायत का ते बघा. डिस्कवर शीर आपोआप धडधडताना दिसली तर त्या क्षणी मेंदूतला दाब वाढलेला नसण्याची शक्यता बरीच, पण ती दिसली नाही म्हणून काहीच सिद्ध होत नाही, कारण अनेक निरोगी माणसांतही ती दिसत नाही. पॅपिलिडीमा (मेंदूतला दाब वाढल्याने डिस्कला येणारी सूज) यायला वेळ लागतो, तेव्हा मेंदूत नुकत्याच झालेल्या रक्तस्रावात डिस्क स्वच्छ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका.

आणि जे दिसलं तेवढंच लिहा. ‘उजवी डिस्क दिसली, कडा स्पष्ट. डावीकडे मोतीबिंदूमुळे काही दिसत नाही, नेत्रविभागाला रेफर.’ अशी नोंद वाचून ऑप्थॅलचा रेसिडेंट तुमच्या कॉलला लवकर येतो, हा बोनस.