पन्नाशीनंतर सांगलीत काम शोधताय? या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं स्टोअर मी 21 वर्षं सांभाळलं. ती नोकरी सुटली तेव्हा वय होतं 51. पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि कृष्णेच्या घाटावर बसून राहायचो. घरी, गल्लीत कुणाला कळू नये म्हणून. बायकोनं मात्र चौथ्या दिवशीच ओळखलं होतं. डब्याच्या पिशवीच्या शिवणीत रोज फाउंड्रीतली काळी वाळू साचायची, ती साचेनाशी झाली होती.

काम गेल्याचं लपवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्याकडे छोटे कारखानदार आणि मार्केट यार्डातले अडते जाहिराती क्वचितच देतात. "एक भरवशाचा माणूस बघा की," असं चहा पिताना कुणाला तरी सांगतात. तुम्ही मोकळे आहात हेच ठाऊक नसेल, तर तुमचं नाव कोण घेणार? मला आत्ताचं काम एका जुन्या टेम्पोवाल्यामुळे मिळालं. माझी चलनं कधी चुकत नाहीत, हे त्यानं बघितलेलं होतं.

सांगताना "काहीतरी असलं तर बघा" असं म्हणू नका. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच समजत नाही. "आवक-जावक, गेटपास, स्टॉक मोजणी आणि टॅली, एवढं मला येतं," असं म्हणा. हे चारचौघांत पुढे जातं.

दुसरी चूक अवेळी जाण्याची. नवी हळद यायला लागली, सौदे जोरात सुरू झाले, की पेढीवर मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा गेलात तर "नंतर या" एवढंच ऐकू येईल. दिवाणजीच्या हाताखाली माणूस घ्यायचा विचार त्याआधी, डिसेंबर-जानेवारीत होतो. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर तासगावला जायचं तर फेब्रुवारी उजाडायच्या आत जा. साखर कारखान्याचं हंगामी काम हवं असेल, तर दसऱ्याआधी.

बायोडेटा एका पानाचा करा, शेवटचं काम सगळ्यात वर. वय लपवू नका, समोर बसल्यावर ते दिसतंच. मालकाच्या मनात शंका वेगळीच असते: तिशीतल्या साहेबाचं हे काका ऐकतील का? माझ्याकडून हे न विचारताच सांगायचं राहून गेलं आणि दोन ठिकाणी काम हुकलं. तिसऱ्या ठिकाणी मीच म्हणालो, "मोबाईलवरचं ई-वे बिल मला तुमच्या पोराकडून शिकायला आवडेल." तिथे काम मिळालं.

नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आणि पीएफ. हातात पैसा नसतो तेव्हा सगळी रक्कम काढून मोकळं व्हावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण पीएफसोबतच्या पेन्शनसाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते. तुमची आठ-नऊ वर्षं भरली असतील, तर पेन्शनचा भाग काढू नका. नव्या ठिकाणी तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्या, म्हणजे जुनी सेवा जोडली जाईल. त्याआधी पीएफच्या पोर्टलवर जुनी नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, ते बघून घ्या. ती नसेल तर खातं नव्या ठिकाणी नेताना अडतं. मालकानं भरली नसेल, तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर तुम्हाला स्वतःलाही भरता येते.